पाटी आणि पहारा

पेढीच्या दारावर कोणती पाटी लावावी, हे पेढीचा मालक ठरवतो. पादत्राणे बाहेर काढावीत, उधारी बंद आहे, धूम्रपान करू नये, अशा पाट्यांचे कारण त्याला कोणी विचारत नाही. गुमास्त्यालाही ती पाटी लागू असते; न पटल्यास तो दुसरी पेढी धरतो. मालक आणि नोकर यांच्यातला हा सरळ व्यवहार अमेरिकेत मात्र एका जागी अडखळतो. पाटीवर 'पिस्तूल आत आणू नये' असे लिहिलेले असते आणि ती लावणारा मालक स्वतः सरकार असतो, ती ही जागा.

अडखळण्याचे कारण तेथील राज्यघटनेत आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी दुसरी दुरुस्ती १७९१ पासून घटनेत आहे, आणि हा हक्क व्यक्तीचा आहे असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. घटनेने दिलेला हक्क नागरिकाला सरकारविरुद्ध वापरता येतो. दुकानदाराविरुद्ध किंवा शेजाऱ्याविरुद्ध नव्हे. म्हणून किराणा दुकानाचा धनी पिस्तूलधारी गिऱ्हाइकाला निःशंकपणे बाहेरचा रस्ता दाखवू शकतो. नगरपालिकेने तेच शब्द आपल्या दारावर लिहिले की प्रश्न बदलतो. नगरपालिका इमारतीची धनी आहे, कारकुनाची मालक आहे आणि त्याच वेळी राज्यसत्तेचा एक अवयवही आहे. कारकूनही तिचा नोकर आहे आणि नागरिकही. यांपैकी कोणत्या नात्याने कोण कोणाला मनाई करतो आहे, हे ठरवण्यात तेथील न्यायालयांची आणि विधिमंडळांची कित्येक वर्षे गेली आहेत.

खाजगी मालकाची सत्ताही सर्वत्र निरपवाद राहिलेली नाही. कामगाराने वाहनतळावर कुलूपबंद गाडीत ठेवलेल्या बंदुकीला कारखानदाराने मनाई करू नये, असा कायदा ओक्लाहोमा राज्याने २००४ मध्ये केला. कारखानदार न्यायालयात गेले. २००९ मध्ये अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला. तरीही उंबरठ्याच्या आत त्यांचीच पाटी चालते. सरकारी कार्यालयांत खरा वाद उंबरठ्याच्या आतलाच आहे.

याच ओक्लाहोमात, एडमंड गावाच्या टपाल कार्यालयात, २० ऑगस्ट १९८६ रोजी सकाळी एका अर्धवेळ पोस्टमनने आपल्या १४ सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःला संपवले. कामाच्या ठिकाणी नोकरानेच नोकरांना मारण्याच्या घटनांत हे नाव तेथे आजही प्रथम घेतले जाते. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, केंद्र सरकारच्या इमारतींत बंदुका आणि घातक शस्त्रे आणण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद अशी आहे, न्यायालयाच्या इमारतीत दोन वर्षांपर्यंत. अडीच इंचांहून कमी पात्याचा खिशातला चाकू त्यातून वगळला आहे. व्यापाऱ्याच्या नजरेत भरावे असे एक कलमही त्यात आहे. प्रत्येक सार्वजनिक प्रवेशद्वारावर ठळक पाटी लावलेली नसेल, आणि आरोपीला बंदी प्रत्यक्ष ठाऊक होती असेही दिसत नसेल, तर त्याला या गुन्ह्यासाठी दोषी ठरवता येत नाही. कायद्याचे सारे बळ अशा रीतीने त्या एका पाटीवर तोलून धरलेले आहे.

टपाल खात्याचा स्वतःचा नियम याहून कडक आहे. तो इमारतीपुरता नाही. खात्याच्या वाहनतळालाही लागू आहे. कोलोरॅडोतील एव्हन गावच्या एका गृहस्थाने त्यावर दावा केला. टपाल आणायला जाताना पिस्तूल निदान गाडीत ठेवू द्यावे, ही त्याची एक मागणी होती. खालच्या न्यायालयाने ती मान्य केली, पण २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली. टपाल खाते येथे जागेचा धनी म्हणून धंदा चालवत आहे, आणि धन्याला आपल्या जागेत नियम करण्याची अधिक मोकळीक असते, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेरही शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि बंदीला इतिहासाचा आधार दाखवावा लागेल अशी कसोटी घातली. ती कसोटी लावून जानेवारी २०२४ मध्ये फ्लोरिडातील एका जिल्हा न्यायाधीशांनी टपालाची गाडी चालवणाऱ्या एका कर्मचाऱ्यावरचा पिस्तूल बाळगल्याचा आरोप रद्द केला. परवाना असलेले पिस्तूल त्याने कमरेच्या पिशवीत ठेवले होते. एकाच खात्याच्या जागेतल्या शस्त्रबंदीकडे दोन न्यायालयांनी इतक्या निराळ्या दृष्टीने पाहिले.

राज्ये आणि नगरपालिका यांच्या कार्यालयांत गुंता याहून मोठा आहे, आणि तो व्हर्जिनिया बीच या शहराने सर्वांत दुःखद रीतीने दाखवून दिला. ३१ मे २०१९, शुक्रवार. महापालिकेच्या पाणीपुरवठा आणि मलनिःसारण खात्यातील एका अभियंत्याने सकाळी ई-मेलने राजीनामा पाठवला होता. चारच्या सुमारास तो पिस्तुले घेऊन आला आणि महापालिका संकुलातील दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीत त्याने १२ जणांचा जीव घेतला. त्यांतले ११ महापालिकेचे नोकर होते, एक कंत्राटदार होता. दार उघडणारे ओळखपत्र मारेकऱ्याजवळ होतेच. तो तेथलाच माणूस होता.

या घटनेनंतर मृतांपैकी एका स्त्री अभियंत्याच्या कुटुंबाच्या वकिलांनी सांगितलेली हकीकत अनेकांच्या मनात घर करून राहिली. त्या सहकाऱ्याची तिला धास्ती वाटत होती. आदल्या रात्री तिने पतीशी बोलताना पिस्तूल पर्समध्ये ठेवून कामावर जावे का, याचा विचार केला होता. महापालिकेच्या नियमात कर्मचाऱ्यांना ते मना होते, म्हणून तिने नेले नाही.

येथे व्हर्जिनियाच्या त्यावेळच्या कायद्यातली विसंगती डोळ्यांत खुपते. स्थानिक संस्थांनी सामान्य नागरिकांना शस्त्रबंदी करू नये, असे राज्याचे बंधन होते. मात्र आपल्या नोकरांसाठी सेवानियम करण्यास त्यांना मुभा होती. परिणाम असा की, पाणीपट्टी भरायला आलेला अनोळखी माणूस कायदा न मोडता पिस्तूल घेऊन त्या इमारतीत शिरू शकत होता, आणि खिडकीच्या आत बसून ती पट्टी घेणारा कर्मचारी मात्र तसे करू शकत नव्हता. बंदी करायची तर सर्वांना, नाहीतर कोणालाच नाही. यांतले कोणतेही एक टोक समजण्यासारखे आहे. ज्याला दररोज आठ तास तेथे बसावे लागते त्याच्यावरच बंदी, ही व्यवस्था सुरक्षेचा विचार करून कोणी आखली असेल असे वाटत नाही. राज्याला एका बाजूने शस्त्रहक्कवाल्यांना दुखवायचे नव्हते, दुसऱ्या बाजूने मालकाचा अधिकारही काढून घ्यायचा नव्हता, आणि या दोन सोयींच्या मधल्या फटीत कर्मचारी उरले.

राज्यपालांनी जुलै २०१९ मध्ये या प्रश्नावर विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले. ते दीड तासाच्या आसपास चालून तहकूब झाले. निवडणुकीनंतर विधिमंडळातले बहुमत पालटले आणि १ जुलै २०२० पासून स्थानिक संस्थांना आपल्या इमारतींत सर्वांसाठी बंदी करण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे व्हर्जिनियाने पाटी सर्वांसाठी एक केली. पाटीमागे पहारा असावा की नाही, हे तिने स्थानिक संस्थांवर सोडले.

तो प्रश्न थेट हाती घेतला तो कॅन्ससने. २०१७ च्या फेब्रुवारीत तेथील ओलेथे शहरातील एका बारमध्ये हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याची वंशद्वेषातून हत्या झाली, तेव्हा भारतातील पुष्कळ घरांनी या राज्याचे नाव प्रथम ऐकले. ती घटना खाजगी जागेतली होती आणि या विषयाशी तिचा संबंध नाही. सरकारी इमारतींचा कायदा त्याआधीच, १ जुलै २०१३ पासून, लागू झाला होता.

त्या कायद्याचे तत्त्व कोणत्याही जुन्या पेढीवर चटकन समजेल असे आहे. सरकारी इमारतीत अंगावर झाकून ठेवलेल्या पिस्तुलाला बंदी करायची असेल, तर नुसती पाटी पुरेशी नाही. सार्वजनिक प्रवेशद्वारांवर धातुशोधक यंत्र हवे आणि सशस्त्र पहारेकरी हवा. त्यातून एकही शस्त्र आत जाणार नाही अशी व्यवस्था असेल तरच बंदीची पाटी लावता येईल. तशी व्यवस्था नसेल तर पाटी उतरवावी, आणि नागरिकांना तसेच कर्मचाऱ्यांनाही पिस्तूल बाळगू द्यावे. ज्याने माणसाच्या हातातले साधन काढून घेतले, त्याने त्याच्या रक्षणाचा भार उचलावा, हा त्यामागचा विचार. व्हर्जिनिया बीचच्या त्या स्त्रीची हकीकत आठवली की या विचारातले वजन नाकारता येत नाही. तिच्या महापालिकेने मनाई केली, पण त्या मनाईच्या बदल्यात तिला काही दिले नाही.

मात्र तत्त्व खरे असले तरी हिशेब वेगळा मांडावा लागतो. ज्या व्यापाऱ्याच्या सराफी पेढीवर परवानाधारी पहारेकरी उभा असतो, त्याला त्या माणसाचा महिन्याचा पगार, त्याच्या रजेच्या दिवसाची बदली, दुसऱ्या दाराचा प्रश्न, हे सारे तोंडपाठ असते. म्हणून पेढीला एकच दार ठेवतात. ग्रंथालयाला, विद्यापीठाला, रुग्णालयाला एक दार नसते. शंभर इमारतींच्या विद्यापीठात प्रत्येक दारावर यंत्र आणि सशस्त्र माणूस ठेवायचा तर शिकवण्यासाठी पैसे उरणार नाहीत. कायद्याने मालकापुढे दोन पर्याय ठेवले असे दिसते. वस्तुतः त्यातला एक इतका महाग होता की दुसराच निवडावा लागावा. तो दुसरा पर्याय स्वस्त करण्यासाठी कायद्यात आणखी एक कलम होते: जी संस्था पहारा न ठेवता शस्त्र येऊ देईल, तिच्यावर पिस्तूलधारकाच्या कृत्याची भरपाई बसणार नाही. जोखीम दुसऱ्याच्या नावे लिहिली की खर्चाचा आकडा अर्थातच लहान दिसतो.

विद्यापीठे, सरकारी रुग्णालये आणि मनोरुग्णांच्या संस्था यांना चार वर्षांची सवलत मिळाली होती. ती १ जुलै २०१७ रोजी संपायची होती. त्या वर्षीच्या वसंतात हिशेब समोर आला. ओसावाटोमी आणि लार्नेड येथे राज्याची मनोरुग्णालये आहेत. अशा जागी बाहेरून आलेल्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असू शकते, ही कल्पना कायद्याच्या समर्थकांनाही पेलेना. रुग्ण दंगा करतो तेव्हा परिचारक त्याला हातांनी धरतात, झटापट होते, आणि त्या झटापटीत पिस्तूल कोणाच्या हाती जाईल हे कोण सांगणार? मग यंत्रे आणि पहारेकरी ठेवायचे ठरले, तर राज्याच्या अशा रुग्णालयांसाठी राज्यपाल सॅम ब्राउनबॅक यांना दोन वर्षांकरिता सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर मागावे लागले. हेच ब्राउनबॅक यांनी २०१३ चा कायदा सही करून मंजूर केला होता. विधिमंडळाने ते पैसे खर्च करण्यापेक्षा रुग्णालयांना कायद्यातूनच कायमचे वगळले. पहाऱ्याशिवाय पाटी लावण्याची मुभा त्यांना मिळाली. ते विधेयक राज्यपालांनी ना नाकारले ना त्यावर सही केली. सहीविनाच ते कायदा झाले.

या निर्णयात एक कबुली दडलेली आहे. पहारा नसला तरी काही जागांवर पाटी असणे हे पाटी नसण्यापेक्षा बरे, असे ज्या विधिमंडळाने २०१३ मध्ये अमान्य केले होते, त्यानेच ते २०१७ मध्ये मान्य केले. मग हाच न्याय वाचनालयाला का लागू नाही, बालकांच्या लसीकरणाच्या सरकारी कचेरीला का नाही, असे विचारणाऱ्यांना समाधानकारक उत्तर मिळालेले दिसत नाही. रुग्णालयांचा आकडा मोठा होता आणि तो अंदाजपत्रकात दिसला. ग्रंथपालाची धास्ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

धातुशोधक यंत्राची मर्यादाही लक्षात घेण्यासारखी आहे. कायदा बोलतो तो सार्वजनिक प्रवेशद्वारांविषयी. एडमंडचा पोस्टमन आणि व्हर्जिनिया बीचचा अभियंता हे दोघेही आतले होते. पेढीवरचा जुना अनुभवही हेच सांगतो. बाहेरच्या चोरासाठी कुलूप असते, पण किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्यासाठी निराळी दक्षता लागते. राजीनामा आला त्या क्षणी ओळखपत्र बंद होणे, कर्मचाऱ्याने सहकाऱ्याविषयी व्यक्त केलेली भीती कोणीतरी लिहून घेणे, ही दक्षता यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. पिस्तूल आत यावे की नाही या वादाच्या गलबल्यात तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कॅन्सस पुढे आणखी एक पाऊल गेले. २०१६ पासून सरकारी मालकाला आपल्या कर्मचाऱ्यास कार्यालयाबाहेरच्या कामातही झाकलेले पिस्तूल बाळगण्यास मना करता येत नाही. बालकल्याण खात्याची कार्यकर्ती एखाद्या कुटुंबाच्या घरी चौकशीला जाते, तेव्हा ती एकटी असते आणि तिथले वातावरण अनेकदा तप्त असते. तिला संरक्षण हवे हे खरे. पण ती ज्या घरात जाते त्या घरातल्या मुलांच्या दृष्टीने सरकार पिस्तूल घेऊन आले असाच त्याचा अर्थ होतो. दोन्ही भीती खऱ्या आहेत, आणि कायद्याने त्यांतली एकच मोजली.

विद्यापीठांना मात्र रुग्णालयांसारखी सूट मिळाली नाही. १ जुलै २०१७ पासून लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठात, मॅनहॅटन येथील राज्य विद्यापीठात आणि विचिटा येथे २१ वर्षांवरील व्यक्तीला वर्गात झाकलेले पिस्तूल नेता येऊ लागले. त्यासाठी परवानाही लागत नव्हता, कारण परवान्याची अट राज्याने २०१५ मध्येच काढली होती. लॉरेन्सच्या इतिहासाच्या एका प्राध्यापकाने याच कारणावरून राजीनामा दिला. मोठ्या सामन्यांच्या दिवशी क्रीडांगणावर मात्र यंत्रे आणि पहारेकरी उभे राहतात आणि बंदी लागू होते. तीन-चार तासांचा पहारा तिकिटाच्या पैशांतून परवडतो, वर्षभराच्या वर्गांचा परवडत नाही.

महाराष्ट्रातील कुटुंबांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण मुले-मुली अशाच सार्वजनिक विद्यापीठांत उच्च शिक्षणासाठी जातात आणि तेथे संशोधन-साहाय्यक म्हणून वेतन घेऊ लागली की त्यांचा मालकही सरकारच असते. भारतात शस्त्राचा परवाना १९५९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. येथे शस्त्र हा मूलभूत हक्क नाही, म्हणून नाकारला गेलेला अर्ज ही येथे नित्याची गोष्ट आहे. या सवयीने वाढलेल्या पालकाला तिकडची स्थिती सहज समजत नाही. विद्यार्थी-व्हिसावर किंवा कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, बंदूक जवळ बाळगण्यास मनाई आहे. मित्राने पाहायला म्हणून हातात दिलेले पिस्तूलही व्हिसावरच्या मुलाला मोठ्या संकटात टाकू शकते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला जे करता येते ते आपल्या मुलाला करता येत नाही, आणि करूही नये, हे निघण्यापूर्वीच घरी स्पष्ट बोललेले बरे. वसतिगृह निवडताना खोलीतल्या सोबत्याविषयी विद्यापीठाच्या कार्यालयाकडे काय विचारता येते, याचीही चौकशी करावी. शाकाहारी भोजनाची चौकशी तर सगळेच करतात.

नियम शोधणे कठीण नाही. ते प्रसिद्ध आहेत. कॅन्ससच्या विद्यापीठांचे धोरण सांगते की पिस्तूल सतत स्वतःच्या ताब्यात असावे, घोडा पूर्ण झाकणाऱ्या म्यानात असावे, आणि स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलाच्या नळीत गोळी भरलेली नसावी. २०२१ मध्ये विधिमंडळाने राज्यपालांचा नकार डावलून वयाची अट खाली आणली, तेव्हापासून १८ ते २० वर्षांच्या तरुणांनाही विशेष परवाना घेऊन ते बाळगता येते. वसतिगृहातल्या खोलीत पिस्तूल अंगावर नसेल तर ते तिजोरीत कुलूपबंद ठेवावे लागते, आणि ती तिजोरी विद्यापीठ देत नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या खर्चाने आणायची असते.